फ्रेट बदलले म्हणून गिटार बाद होत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या १९६७ च्या गिब्सन ईएस-३३५ या अर्धपोकळ इलेक्ट्रिक गिटारीच्या दुरुस्तीवरचा लेख तुम्हाला पटला नाही आणि तुम्ही ते आडपडदा न ठेवता लिहिलंत, याबद्दल आभार. उत्तर दोन ओळींत मावेना, म्हणून सविस्तर लिहिते. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात असे: फ्रेट (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), नट (गळ्याच्या टोकाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी), खुंट्या सगळं बदललं, मग ती १९६७ ची उरली कुठे? हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं डोकं, मोडलेली गिटार ‘व्हिंटेज’ म्हणून मिरवू नये. पिकअपवरचा (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) पेटंट क्रमांक हंबकरचा, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपचा, नाही, म्हणजे पिकअप नकली. आणि १९६५ नंतरच्या ३३५ मध्ये तसाही दम नाही. निदान ट्रॅपीझ टेलपीस (तारांची टोकं धरणारा, गिटारीच्या खालच्या कडेला अडकवलेला भाग) काढून थेट लाकडात बसणारा स्टॉप टेलपीस तरी बसवायचा.

पिकअपचं आधी घेते, कारण नकली म्हणणं हा साधा आरोप नाही. क्रमांक तुम्ही बरोबर शोधलात. २,७३७,८४२ हे पेटंट गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसचं आहे. गिब्सनचे इंजिनियर सेथ लव्हर यांच्या हंबकरचं पेटंट १९५९ मध्ये मंजूर झालं, त्याचा क्रमांक २,८९६,४९१. पण साठच्या दशकात खुद्द गिब्सननेच हंबकरच्या तळाला टेलपीसच्या क्रमांकाचं लेबल चिकटवलं. त्यामुळे त्या काळच्या पिकअपखाली हाच ‘चुकीचा’ क्रमांक सापडायला हवा. हंबकरचा खरा क्रमांक असता, तर मी जास्त घाबरले असते. शिवाय पॉटच्या (आवाज-टोनच्या बटणांखालच्या फिरत्या भागाच्या) पाठीवर १३७६६३३ असा छाप आहे. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ हे वर्ष आणि ३३ वा आठवडा. गिब्सनच्या अमेरिकेतल्या कॅलमझूच्या कारखान्यात १९६७ मध्ये जुळवलेल्या गिटारीत असे पॉट असणं अगदी स्वाभाविक आहे.

हे पॉट आम्ही बदलले नाहीत, नुसते साफ केले. ज्यांनी सेमी-हॉलो (अर्धपोकळ) गिटार उघडलेली नाही त्यांना यातली मेहनत कळत नाही. ‘लेस पॉल’ नावाच्या गिटारीसारखं मागे झाकण नसतं. सगळं वायरिंग एफ-होलमधूनच (वरच्या बाजूच्या f आकाराच्या भोकातून) बाहेर काढायचं. प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा बांधायचा, दांड्यावरचा पेचाचा नट सैल करून पॉट आत ढकलायचा, दोऱ्याचं दुसरं टोक भोकाबाहेर तसंच ठेवायचं आणि काम झालं की त्याच दोऱ्याने दांडा पुन्हा आपापल्या भोकात ओढून घ्यायचा. एक दोरा निसटला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या कारागिराने हे सगळं करूनही कारखान्यातला एकही जोड तोडला नाही. तुम्ही ‘सगळं बदललं’ लिहिलंत, तेव्हा त्याच्यासाठी वाईट वाटलं.

फ्रेटबद्दल तुमची हळहळ मला समजते. गिब्सनच्या मूळ फ्रेटच्या टोकांना बाइंडिंगचा (गळ्याच्या कडेच्या पट्टीचा) जो बारीक उंचवटा असतो, तो फ्रेट बदलताना गेला. पण पहिल्या पाच फ्रेटमध्ये तारांखाली खड्डे पडले होते. दुसऱ्या तारेवर बेंड (तार ओढून सूर चढवणं) घ्यायला जावं तर तार खड्ड्याच्या काठावर अडकायची आणि सूर मध्येच मरायचा. फ्रेट ही झिजणारीच गोष्ट आहे. मिरजेहून जवारी काढून आणलेल्या तंबोऱ्याला ‘आता हा आजोबांचा राहिला नाही’ असं कुणी म्हणतं का? उलट आता तो बोलायला लागला, असंच म्हणतो आपण.

खुंट्यांची प्लॅस्टिकची टोकं आक्रसून हातात भुगा व्हायला लागली होती. त्याच मापाच्या नव्या खुंट्या जुन्याच भोकांत बसल्या आणि जुना संच केसमध्ये जपून ठेवला आहे. लॅकरला मात्र हात लावलेला नाही. नायट्रोसेल्युलोजच्या त्या लॅकरला पडलेल्या केसासारख्या रेघा, दंड टेकतो तिथे उडालेला चेरी रंग, सगळं जसंच्या तसं आहे.

हेडस्टॉक मोडला होता हे मी लेखात लपवलं नव्हतं. ट्रस रॉडच्या (गळा सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईच्या) खाचेपाशी गिब्सनचा नेक, म्हणजे गळा, सगळ्यांत नाजूक असतो आणि तिथेच तो मोडतो. लाकडाचा कपचा हरवलेला नव्हता, म्हणून सरसाने सांधा घट्ट बसला. अशा गिटारीची किंमत बाजारात साधारण निम्म्यावर येते. संग्राहक तिच्याकडे बघत नाही, म्हणून ती वाजवणाऱ्याच्या हाती लागते. माझ्या दृष्टीने यासारखं भाग्य नाही.

आता ‘दम नाही’ याबद्दल. १९६५ मध्ये नटची रुंदी सुमारे ४३ मिलिमीटरवरून ४० च्या आत आली हे खरं आहे. खालच्या पोझिशनमध्ये ए कॉर्ड धरताना बोटं दाटीवाटीने बसतात. पाचव्या फ्रेटच्या वर गेलात की ते विसरायला होतं. गिटारवादक लॅरी कार्ल्टन ज्या ३३५ मुळे ओळखले जातात तीही साठच्या दशकाच्या अखेरचीच आहे.

आणि तिचा आवाज! कंपनीचे अध्यक्ष टेड मॅकार्टींच्या काळात, १९५८ मध्ये, गिब्सनने पोकळ अंगाच्या मधोमध मेपलचा ठोकळा घातला तो फीडबॅक (अ‍ॅम्पच्या आवाजाने तारा पुन्हा घुमून उठणारी शिट्टी) आवरून सूर लांबावा म्हणून. तो ठोकळा इथे ऐकू येतो. नेक पिकअप, व्हॉल्यूम सहाच्या आसपास आणि छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प जेमतेम तापलेला: हळू छेडलं तर सूर गोल आणि हवेशीर येतो, नखाने जोर दिला की कडा फुटते. अ‍ॅम्पच्या जवळ सरकलं की लांबवलेला सूर हळूच वरच्या सप्तकात चढतो आणि पाऊलभर मागे आलं की परततो. नुसत्या सॉलिड-बॉडीवर हे मिळवायला आवाज कितीतरी वाढवावा लागतो आणि पूर्ण पोकळ गिटार इतक्यात हाताबाहेर गेलेली असते.

स्टॉप टेलपीस मी बसवणार नाही. त्यासाठी १९६७ च्या लाकडात दोन भोकं पाडावी लागतील, आणि मूळपणाची काळजी तुम्हालाच जास्त आहे. ट्रॅपीझमुळे ब्रिजच्या (तारा टेकतात त्या घोडीच्या) मागे तारेची लांबी जास्त राहते, म्हणून तेवढाच सूर चढवायला तार थोडी अधिक ओढावी लागते. बेंड मऊ लागतात आणि कान जरा जास्त जागा ठेवावा लागतो. मला ते आवडतं.

शेवटी तुम्ही तारांचा गेज, म्हणजे जाडी, विचारला होता. सध्या दहा ते शेहेचाळीस (इंचाच्या हजाराव्या भागांत), निकेलच्या. नऊचा संच ट्रॅपीझवर मला फार सैल वाटला. तुम्ही तुमच्या गिटारीवर अकरा लावता असं लिहिलंत, तर नटच्या खाचा त्यासाठी रुंद करून घेतल्या का, तेवढं कळवा.