आठ मिनिटांची खोली

भाचा नागपुरात मानेवाड्याला दुसरा ड्रॉप घेऊन नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, अभ्यास करून राहिला आहे. ताई परवा फोनवर म्हणाली, "तुझ्या कॅनडात मुलाखत घेऊन डॉक्टर निवडतात ना? आपल्याकडे का नाही? 720 पैकी मार्क पाहून माणूस कळते काय?" 2024 च्या पहिल्या निकालात 67 जण पैकीच्या पैकी मार्कांनी पहिले आले, तेव्हापासून तिचा नीटवरचा विश्वासच उडाला आहे.

मी राहतो त्या हॅमिल्टनमध्येच, मॅकमास्टर विद्यापीठात, ही पद्धत जन्मली. 2004 साली त्यांनी ती छापून मांडली. एकच मोठी मुलाखत नाही, ओळीने छोट्या खोल्या. दारावरचा प्रसंग दोन मिनिटं वाचायचा, आत आठ मिनिटं. बेल. पुढची खोली, नवा परीक्षक. एका वर्षी मीही त्यात परीक्षक म्हणून बसलो. (प्रश्न सांगणार नाही, सही करून दिली आहे.) समोर रडणाऱ्या बाईचं काम करणारी नटी. एक मुलगी आली, खुर्ची थोडी जवळ ओढली आणि बराच वेळ बोललीच नाही. मी भरपूर मार्क दिले. तिचे आधीचे गुण, तिचं घर, शेजारच्या खोलीत काय झालं, मला काहीच ठाऊक नव्हतं. माझं चुकलं असेल तर उरलेल्या खोल्या सांभाळून घेतात. सगळी करामत त्यात आहे.

आणि मला नागपूरची एमबीबीएसची तोंडी परीक्षा आठवते. पहिला प्रश्न, "आडनाव काय म्हणालास?" दुसरा, "बाबा काय करतात?" बाबा एसटीत कंडक्टर होते. तिसरा प्रश्न मला ऐकूच आला नाही.

म्हणून ताईला म्हटलं, प्रवेशाला मुलाखत नको. वीस लाखांवर पोरं नीटला बसतात, एवढे परीक्षक आणायचे कुठून? इथेही डॉलर मोजून सहानुभूती शिकवणारे क्लास आहेत; नागपुरात ते निघायला पंधरा दिवस पुरतील. नीटच्या आधी सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजला गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा, तोही आमची पोरं पाठच करायची. त्यापेक्षा कॉलेजातल्या तोंडी परीक्षेला या खोल्यांचा नियम सरसकट लावा. ठरलेले प्रश्न, वेगवेगळे परीक्षक, आडनावाऐवजी नंबर.

मागून भाचा म्हणाला, "मामा, नीटच बरी. मशीन बाबांचं विचारत नाही."

ताई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग याला तिकडंच बोलावून घेतोस काय?"

इथे परदेशी मुलांना मेडिकलला जवळपास जागाच नसते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.