फ्लोरोसन्स लाइफटाइमवर अजून लिहा की ओ
तुमच्या लेखात फ्लोरोसन्सची, म्हणजे प्रकाश पडला की काही रेणू स्वतः उजळतात त्याची, माहिती चांगली दिलीय पण सगळा भर ते किती उजळतात त्यावरच, लाइफटाइमला एकच ओळ, आणि खरं मोलाचं तर तेच आहे. लेसरचा पल्स मारला की रेणू काही नॅनोसेकंद उत्तेजित राहतो नि मग फोटॉन सोडतो, रेणू किती वेळ थांबला ते मोजायचं, हाच लाइफटाइम. डाय (उजळणारा रंग) थोडा कमी-जास्त पडला तरी या वेळेत सहसा फरक पडत नाही, आजूबाजूच्या पीएच, ऑक्सिजननं मात्र पडतो. त्यात एनएडीएच, म्हणजे ऊर्जा बनवायला लागणारा नि स्वतःच उजळणारा रेणू, तर पेशीत आधीपासूनच असतं, त्याचा लाइफटाइम मोकळं असलं की साधारण ०.४ नॅनोसेकंद, प्रोटीनला चिकटलं की त्याच्या कितीतरी पट, म्हणजे बाहेरून काही न घालता पेशी ऊर्जा कशी बनवतेय याचा अंदाज येतो, आणि कॅन्सरमध्ये नेमकं हेच बिघडतं! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये तोंडा-घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये गाठीची कड ओळखायला हे वापरून बघतायत. आमच्या सोलापुरात तंबाखू, मावा खाणारे लय, तोंडात पांढरा चट्टा आला तरी लोक महिनोन्महिने दाखवत नाहीत. बायोप्सी लागणारच, पण नेमका कुठला तुकडा काढायचा हे जरी यानं कळलं तरी डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होईल. मशीन फार महाग असतं, ते स्वस्त कसं होईल यावरपण लिहा.