आमची रोजची भाकर

आमच्या आजीच्या चुलीशेजारी डालड्याचा एक जुना डबा असायचा. भाकरीसाठी पीठ परातीत घेतलं की त्यातलं मूठभर आधी त्या डब्यात जायचं. भाकरी झाल्यावर उरलंसुरलं नव्हे, पाणी घालायच्या आधी. "हे देवाचं," एवढंच म्हणायची. आठवडाभरानं ते पीठ चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या अडलेल्या घरी पोचायचं.

हा डबा आठवायला कारण घडलं. गेल्या महिन्यात एका प्रार्थनासभेला गेले होते. व्यासपीठावरून सांगत होते, "हजार टाका, देव दहा हजार देईल." माझ्या शेजारी धुणीभांडी करणारी एक ताई बसली होती. तिनं पदराची गाठ सोडली, चारदा घडी घातलेली पाचशेची नोट उलगडली आणि थैलीत टाकली. माझ्या पोटात कालवलं. तिनं दिलं म्हणून नाही. तिला देवाशी सौदा करायला शिकवलं म्हणून.

बायबलातली विधवेची दमडी, तिनं देवाला वाहिलेलं सगळं काही, आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय जरा वरून वाचा. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहा, असं प्रभू येशू आधी बजावतो आणि लगेच ती गरीब विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, घेऊन येते. वरच्या ओळी गाळून त्या दमडीवर कुणी उपदेश करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग देव पुरवतो म्हणजे काय? मला ते कळलं पंडिता रमाबाईंमुळे. आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेलेले त्यांनी तरुणपणी पाहिले होते. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. अमेरिकेतल्या मंडळानं त्यांच्या कामाला दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं, ती मुदतही संपत आली होती. हिशेबी माणसानं अशा वेळी दार लावून घेतलं असतं. बाईंनी केडगावला ते आणखी उघडलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर त्यांच्या तिथल्या मुक्तिसदन आश्रमात दोन हजारांच्या आसपास माणसं जेवत होती! आणि विश्वास ठेवला म्हणून कुणी हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले. बाईंनी भाषांतर केलेलं मराठी बायबल तिथल्याच छापखान्यात छापलं, छपाईचे खिळे जुळवायला त्याच मुली.

प्रभूनं शिकवलेली प्रार्थना आपण रोज म्हणतो. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे." त्यात 'माझी' कुठंच नाही. शेजारणीच्या घरी चूल पेटली नसेल तर माझ्या टोपलीतल्या भाकरीत तिची भाकर आलेली असते, ती मी अडवून धरायची नाही. बायबलात रानातला मान्ना, देवानं रोजच्यापुरतं दिलेलं अन्न, उद्यासाठी साठवणाऱ्यांच्या भांड्यात किडे पडले, ते उगीच नाही. मी बचत करते, पोरांच्या फीसाठी बाजूला टाकते, त्यात पाप मानत नाही. पण कुणी दारात आलं की "आधी आमचं भागू दे" हे माझ्या तोंडून पटकन निघतं, आणि तिथं माझा विश्वास कमी पडतो.

परवा आईला विचारलं, बहात्तरच्या दुष्काळात आजीचा डबा बंद होता का गं? तेव्हा घरात ज्वारी नव्हती, दोघी खडी फोडायला जायच्या, खायला सुकडी आणि मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी. आई म्हणाली, "मूठ चिमटीएवढी झाली होती. पण शनिवारी रात्री डबा मीच न्यायचे, पलीकडच्या बाळंतिणीकडं. मिलोचं लाल पीठ असायचं त्यात."