स्काऊटचा चार्ज मिळालेल्या सरांसाठी

अभिनंदन, सर! मुख्याध्यापकांनी यंदा स्काऊटचा चार्ज तुमच्या गळ्यात मारला आहे. एक तर तुम्ही शाळेत सगळ्यांत नवे असाल, नाहीतर चार्जवाटपाच्या मीटिंगला नेमके रजेवर असाल. घाबरू नका. मुलांना कशालाही हात लावू न देता शिबिर दणक्यात पार पाडण्याची आपल्याकडे चांगली मुरलेली परंपरा आहे.

मूळ कल्पना तेवढी अडचणीची आहे. १९०७ साली स्काऊट चळवळीचा जनक बेडन-पॉवेल याने वीसेक पोरं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर नेली. त्यात बड्या घरची होती, कामगारांचीही होती. त्यांचे चार संघ पाडले आणि एकेक संघ एकेका पोराच्या हवाली केला. मोठ्यांनी शिकवायचं आणि मग बाजूला व्हायचं. आपणही संघ पाडतोच की! संघनायक हजेरी घेतो आणि सरांचा चहा आणतो.

गाठी फळ्यावर शिकवा. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन. चार आकृत्या, चार उपयोग. 'कमी-जास्त जाडीच्या दोन दोऱ्या जोडण्यासाठी शीट बेंड' एवढं घडाघडा म्हणता आलं की झालं. दोरी मात्र आणू नका. रीफ नॉट मारताना आधी उजवं टोक डाव्यावरून घ्यायचं आणि मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं, तर दिसायला तशीच पण ताण येताच सरकणारी गाठ बसते, आणि ते ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही. पण परीक्षक ओढतात कुठे? ते चार्ट बघतात. थर्माकोलवर पिवळ्या लोकरीच्या गाठी, खाली स्केचपेनने नावं. अक्षर आईचं असलं तरी गुण पोरालाच मिळतात.

तंबूचं मंडपवाल्याला सांगून टाका. गणपतीचा हंगाम सरला की त्याची माणसं मोकळीच असतात. मुलांना शेवटचा खुंटा ठोकताना उभं करा, फोटोपुरतं. हातोडी शिपाईमामांच्या हातात राहू द्या.

खरी डोकेदुखी बिनभांड्याच्या स्वयंपाकाची. निखाऱ्यात बटाटा, काठीला गुंडाळून भाजलेली कणीक, तापल्या दगडावर भाकरी, असा मूळ बेत. प्रत्यक्षात पोरं तीन दगड मांडतात, मैदानाच्या कडेची ओली काटकी कोंबतात आणि पंधरा मिनिटं नाकाडोळ्यांतून पाणी गाळत फुंकत बसतात. मग कुणीतरी एक जण जाड लाकूड बाहेर ओढतो, खाली वाळला पाला सारतो, दगडांमध्ये वाऱ्याला वाट ठेवतो आणि भसकन जाळ होतो. इतका वेळ आपल्याला परवडत नाही. प्रमुख पाहुणे साडेअकराला यायचे असतात. तेव्हा मामांना डिझेलची बाटली देऊन ठेवा आणि पावभाजी केटररकडून मागवा. पळसाच्या पानावर वाढली की निसर्गाशी नातंही जुळतं.

'खरी कमाई' हा उपक्रम तर सोपाच. स्वतःच्या कष्टाने चार पैसे मिळवावेत, असा हेतू. भेळ आई करते, बाबा पाच रुपयांची प्लेट वीसला विकत घेतात, पोरगा गल्ला सांभाळतो. घरातला पैसा घरातून निघून शाळेत जमा होतो. व्यवहारज्ञान आणखी वेगळं काय असतं?

लॉगबुक आदल्या रात्री लिहून घ्या. प्रथम सोपानाचं, म्हणजे स्काऊटच्या पहिल्या पायरीचं, गेल्या वर्षीचं एक जपून ठेवलेलं असेल, त्यावरून तीस होतात. फक्त 'मी गाईड आहे' हे मुलींच्या पथकाचं वाक्य मुलांच्या वहीत जाणार नाही एवढं बघा. तसं झाल्याचं ऐकिवात आहे. शेकोटीला लाल जिलेटिन कागद आणि आत शंभरचा बल्ब. धूर नाही, राख नाही, पालकांच्या तक्रारी नाहीत.

एका मुलापासून मात्र जपा. प्रत्येक वर्गात तो असतोच, बहुधा वाडीवरून चालत येणारा. वैरणीचा भारा बांधून सायकलवर आणतो, त्यातली गाठ ओढाल तितकी घट्ट बसते. पावसाळ्यात घरची चूल तोच पेटवतो. गणवेश आणि स्कार्फचे पैसे त्याने भरलेले नसतात, त्यामुळे नियमाने तो पथकात बसतच नाही. परीक्षक आले की त्याला खुर्च्या उचलायला लावा. आणि मंडपाचा कोपरा सुटलाच, तर गुपचूप बोलावून घ्या. बांधून झाल्यावर फोटोच्या चौकटीबाहेर उभं करा.