निदान फाइलचं नाव तरी छापा!

पुन्हा तेच! माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरवर नवा ॲडऑन पॅक (खेळात भर घालणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) टाकला, सर्व्हर चालू केला, पॅक लोड व्हायला लागला आणि धाडकन सगळं बंद. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये, लाल अक्षरांच्या साठ ओळी, पण कोणत्या फाइलवर अडलं ते एकाही ओळीत नाही. का? फाइल उघडताना पॅक लोड करणाऱ्या प्लगिनला (सर्व्हरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामला) तिचं नाव माहीत होतंच ना? मग छापायला काय झालं?

मदत मागावी तर ठरलेली उत्तरं. जावा (सर्व्हर ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) बदल. सगळं काढून पुन्हा टाक. अहो, माइनक्राफ्टच्या १.२०.५ आवृत्तीपासून निदान जावा २१ लागतं, ते कधीच टाकलंय! आधी लॉग तरी वाचा!

शेवटी अर्धा पॅक बाहेर काढ, उरलेल्याचा पुन्हा अर्धा काढ, असं करत रात्री दोनला सापडलं. तलवारीच्या चित्राच्या फाइलनावात पहिलाच टी कॅपिटल! पॅकमधल्या अशा फाइलनावांत फक्त लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं चालतात. एका टीपायी पाच तास गेले. खेळायला आलेली पोरं वाट बघून कधीच झोपली. पॅक बनवणाऱ्याला नावं एकदा तपासता येत नाहीत? आणि ती एक फाइल वगळून प्लगिनने पुढे जायला काय हरकत आहे?