डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅमविषयी खुलासा

‘इंटेलचा बाराव्या ते चौदाव्या पिढीचा प्रोसेसर घेतला, की त्याच मदरबोर्डवर आज डीडीआर४ आणि पुढे डीडीआर५ रॅम बसवता येते,’ असा संदेश सध्या फिरत आहे. (रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती; डीडीआर४ हा तिचा जुना, तर डीडीआर५ हा नवा प्रकार.) त्याचा अर्धाच भाग खरा आहे. एलजीए १७०० सॉकेटचे (म्हणजे मदरबोर्डवरील त्या नावाच्या बैठकीत बसणारे) हे प्रोसेसर दोन्ही प्रकारांना साथ देतात, असे इंटेलच्या तपशीलपत्रकातच नमूद आहे. मात्र रॅम कोणती बसेल हे मदरबोर्डवरील स्लॉट (रॅमची पट्टी बसवण्याची जागा) ठरवतो, आणि जवळजवळ प्रत्येक बोर्डावर एकाच प्रकारचे स्लॉट असतात.

दोन्ही प्रकारच्या रॅमना २८८ पिना असल्याने गैरसमज होणे स्वाभाविक आहे, परंतु दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्यास त्यांची खाच वेगवेगळ्या जागी असल्याचे दिसते. शिवाय डीडीआर४चे प्रमाणित व्होल्टेज १.२ व्होल्ट, तर डीडीआर५चे १.१ व्होल्ट असून, डीडीआर५मध्ये वीजनियमन पट्टीवरच होते. रॅम बसत नसेल तर कृपया जोर लावू नका. स्लॉट कायमचा निकामी होऊ शकतो.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीच्या प्रोसेसरसाठीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर तर फक्त डीडीआर५च चालते. खरेदीपूर्वी बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची, शेवटच्या अक्षरापर्यंत, खात्री करावी. नवख्यांचे कष्टाचे पैसे यात अडकतात, म्हणून तो संदेश कृपया पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास तिथेच ही दुरुस्ती कळवावी.