पूल हलतो म्हणून गाडी पुलावरच थांबवायची?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका काकूंनी पुण्यात शिकणाऱ्या लेकीला मेट्रोत बसायची बंदी केली आहे. कारण काय, तर एक फॉरवर्ड: 'पुणे मेट्रोचा पूल गाडी जाताना थरथरतो, हा पाहा व्हिडिओ. सैन्य पाय आपटत गेलं की पूल पडतो, तसाच हा पडणार. धावत्या गाडीचं वजन तिप्पट होतं. गर्डरमध्ये फटी पडल्यात, खांबावरचं रबर दबलंय. हादरे जाणवले की लाल हँडल ओढून गाडी तिथेच थांबवा, उतरा आणि चालत जा.' सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर हे सुशिक्षित माणसंही पुढे ढकलताहेत.

शेवटच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्याने खरोखर कुणाचा जीव जाईल. गाडी थांबली म्हणून तिचं वजन कमी होत नाही, ते त्याच गर्डरवर, म्हणजे खांबांवर टेकलेल्या आडव्या तुळईवर, बसून राहतं. तीन डब्यांची साधारण 66 मीटरची गाडी ताशी 80 किमीने 30 मीटरचा गाळा (दोन खांबांमधला भाग) साडेचार सेकंदांत पूर्ण सोडून जाते. पुलावरचा भार उतरवायचा तर गाडी पुढे जाऊ देणं हाच सगळ्यात जलद मार्ग आहे. उलट, जोरात ब्रेक लावला की रुळांच्या दिशेने आडवा जोर येतो, आणि तो शेवटी खांबाच्या डोक्यावर जातो. डिझाइनमध्ये तोही धरलेला असतो, पण हादऱ्यावर उपाय म्हणून तो मागवायचा? आणि उतरणार कुठे? डोक्यावर 25,000 व्होल्टची तार, शेजारच्या रुळावरून समोरून येणारी दुसरी गाडी. हाच मेसेज बंगळुरूत कुणी पाळला तर तिथे 750 व्होल्टचा तिसरा रूळ पायाशीच असतो. डब्यात काही बिघडलं तर चालकाशी बोला आणि पुढच्या स्टेशनला उतरा.

आता 'तिप्पट वजन'. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. धावती गाडी उभ्या गाडीपेक्षा पुलाला जास्त ताणते. चाकांचा, रुळांचा बारीक खडबडीतपणा, स्प्रिंगवर उसळणारा डबा आणि खाली लवणारा गर्डर एकमेकांना हलवत राहतात. भारतीय रेल्वेच्या पूल-नियमांत ब्रॉडगेजसाठी याचं सूत्र आहे: 0.15 + 8/(6 + लांबी मीटरमध्ये). 30 मीटरला उत्तर येतं 0.37, म्हणजे 37 टक्के वाढ. अगदी आखूड गाळ्यालाही हे सूत्र 100 टक्क्यांवर थांबवलेलं आहे, म्हणजे जास्तीत जास्त दुप्पट. तिप्पट कुठून आणलं, देव जाणे.

सैन्याची गोष्ट 1831 मधली, मँचेस्टरजवळच्या ब्रॉटनची. तो साखळ्यांचा हलका झुलता पूल होता आणि चौकशीत बोल्टही सदोष निघाला. लय जुळून झोके वाढतात हे मात्र खरं. उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा गडी बघा. फळी लवते, उसळते, आणि तो तिच्याच लयीत पाय टाकतो. तिथे गडी आणि मोळी फळीपेक्षा कितीतरी जड, म्हणून फळी नाचते. मेट्रोत उलटं आहे. दोन रुळमार्गांचा 30 मीटरचा काँक्रीट गर्डर साडेतीनशे-चारशे टनांच्या घरात, आणि प्रत्येकी 16 टन भाराच्या चार आसांवरचा (चाकांच्या जोड्यांवरचा) भरलेला डबा 64 टन.

लय जुळते का हे कागदावर मांडता येतं. साध्या गर्डरची कंपनसंख्या काढायची तर स्वतःच्या वजनाने तो जितके मिलिमीटर लवतो त्याच्या वर्गमुळाने 17.75 ला भागायचं. 16 मिमी लवला तर सेकंदाला सुमारे 4.4 हेलकावे. डबा 22 मीटर, वेग 80, म्हणजे सेकंदाला एकच डबा. प्रत्येक हेलकाव्याला एक धक्का मिळायला ताशी 350 किमी लागतील. दर चौथ्या हेलकाव्याला मेळ बसू शकतो, तो 87 किमीच्या आसपास. पण तो धक्का दुबळा असतो, मधल्या वेळात काँक्रीट थोडी ऊर्जा खातं, आणि डबे तीनच. झोका वाढायच्या आत गाडी गेलेली असते.

लय जुळल्याचं खरं उदाहरण फ्रान्सचं आहे. पॅरिस-लियाँ वेगवान मार्गावर आखूड पुलांवरची, रुळांखालची खडी सैल होऊ लागली. पूल पडले नाहीत, रूळ बसकले. प्रयोगांत गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 0.7 पट त्वरणाला खडी सुटते असं दिसलं, म्हणून युरोपीय नियमांत निम्मी मर्यादा आली, 3.5 मीटर प्रति सेकंद वर्ग.

फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात. 30 मीटर काँक्रीट 30 अंशांच्या फरकाने 11 मिलिमीटर लांब होतं, त्याला जागा नको? खांबावरचं काळं रबर म्हणजे बेअरिंग, आत पोलादी पत्रे. कडेने किंचित फुगणं हे त्याचं कामच.

राहिला व्हिडिओ. तो पुण्याचा नाहीच, मेक्सिको सिटीच्या 12 क्रमांकाच्या लाइनचा आहे: 3 मे 2021, 26 मृत्यू. डीएनव्ही या कंपनीच्या तपासात निघालं की पोलादी गर्डर आणि वरचा काँक्रीट स्लॅब जोडणारे स्टड (पोलादी खुंट्या) कित्येक ठिकाणी नव्हतेच किंवा वेल्डिंग सदोष होतं. त्यामुळे दोन्ही एकजीव होऊन भार घेत नव्हते. गाड्यांच्या फेऱ्यांनी तडे वाढत गेले आणि गर्डर वाकून बसला. म्हणजे गाड्यांच्या भाराचा हात होता, पण साडेआठ वर्षं साचलेल्या थकव्यातून, एका थरथरीतून नाही. पुण्यातला खांबांवरचा बहुतेक मार्ग आतून केबल ताणलेल्या काँक्रीट पेट्यांचा आहे.

फोटो काढून पाठवायचाच असेल तर बेअरिंग फाटलंय, जागेवरून सरकलंय, एका बाजूने गर्डर टेकतच नाही, किंवा त्याखालचा काँक्रीटचा ठोकळा चुरतोय, हे बघा. गुजरातेत 9 जुलै 2025 ला पडलेल्या गंभीरा पुलाबाबतही पेडेस्टल (असाच ठोकळा) आणि सांधा चिरडल्याचंच सरकारने सांगितलं. फोटोत खांबाचा नंबर दिसू द्या आणि तो मेट्रोच्या तक्रार क्रमांकावर पाठवा, काकूंच्या ग्रुपवर नको.